चालतंय की!

परवा गावी गेलो होतो. गोठ्याशेजारच्या छपरात आजोबांचा मॅसी ३५ अजून उभा आहे. नुसता उभा नाही, चालतो. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, मी खूश! मग छपरातून बाहेर काढायला स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, तर पुढच्या चाकांना पत्ताच नाही. चांगलं वीतभर फिरवल्यावर चाकं जागची हलली.

"आबा, हे काय?"

"थोडा प्ले आहे. चालतंय की."

मंडळी, आजचं हे भांडण या दोन शब्दांशी आहे. आबांशी नाही. (आबा, तुम्हाला हे कुणीतरी वाचून दाखवणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

चालतंय हे खरंच आहे. हा ट्रॅक्टर मुळात १९५६ साली इंग्लंडात निघालेल्या फर्ग्युसन ३५ च्या वंशातला. १९६० साली मद्रासला मॅसीच्या सहकार्याने टॅफे सुरू झाली आणि या घराण्याचे ट्रॅक्टर आपल्याकडेही बनू लागले. ही अवजारं बनवणाऱ्यांनी ती झिजणार हे धरूनच बनवली होती. म्हणून तर जागोजागी बदलता येणारे बुश आहेत, ग्रीसची निपलं आहेत. झिजणं हा यंत्राचा गुन्हा नाही. झीज दिसत असून बघत बसणं हा आपला.

आता जरा खाली वाकून बघा. या ट्रॅक्टरला दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा सलग टाय रॉड नाही. स्टेअरिंग बॉक्सच्या दोन्ही अंगांना एकेक आर्म आहे आणि तिथून दोन लांब दांडे पुढच्या चाकांकडे जातात. दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट. म्हणजे एका बाजूचा जॉइंट ढिला झाला, तर त्या बाजूचं चाक आपल्या मर्जीने भरकटतं, दुसऱ्याला खबर नसते. शिवाय जॉइंटमधली ढील बारीकशीच असते, पण बॉक्समधून स्टेअरिंगपर्यंत येताना तिचा गुणाकार होतो. तुमच्या हाताला लागते ती ती वीत.

"शेतात काय होतंय, वेग तो किती!" असं आबांचं म्हणणं. शेतापुरतं मान्य. पण ऊस शेतातच राहतो का? तो ट्रॉलीत भरून कालव्याच्या भरावावरून डांबरीवर येतो. भरावाची वाट ट्रॉलीपेक्षा जेमतेम हातभर रुंद. आणि यंदापासून ट्रॅक्टर चालवतोय आपला बारका. आबांच्या हातांना चाळीस वर्षांत या ट्रॅक्टरची खोड कळली आहे, वीतभर आधी फिरवायची त्यांना सवय आहे. बारक्याच्या हातांना ती कुठून असणार? आबांचं "चालतंय" हे आबांच्या हातांचं कौतुक आहे, ट्रॅक्टरचं नव्हे.

दुसरा पक्ष चुलतभावाचा : "भंगारात घाला, नवा पॉवर स्टेअरिंगवाला घेऊ." घ्या की! जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. पण दोन बॉल जॉइंटसाठी अख्खा ट्रॅक्टर मोडीत काढणं म्हणजे दाढ दुखते म्हणून डोकं बदलणं झालं. आणि विकणार असाल तर प्ले सांगून विका. नाहीतर तो भराव दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या नशिबी जाईल.

तिसरा पक्ष सगळ्यांत धोक्याचा. "दोन टाके मारतो, घट्ट होईल" म्हणणारा. अहो, ते भाग कणखर राहावेत म्हणून घडवलेले असतात. वेल्डिंगच्या आचेने तो कणखरपणा जातो, शेजारी चीर धरते. ढिला जॉइंट वर्षानुवर्षं खडखड करून सांगत तरी असतो. टाका मारलेला सांगत नाही, एक दिवस तुटतो.

याच पक्षाची दुसरी शाखा म्हणजे "बॉक्स आवळून टाकू". बॉक्स सगळ्यात जास्त झिजतो तो मधोमध, कारण ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळच चालतो. मधली ढील जाईपर्यंत आवळलात तर पूर्ण वळणावर स्टेअरिंग अडकतं. म्हणजे ऐन बांधाच्या टोकाला!

मग आम्ही काय केलं? फार काही नाही. बारक्याला सीटवर बसवलं, स्टेअरिंग इकडेतिकडे हलवत राहायला सांगितलं आणि मी खाली आडवा झालो. आर्म, जॉइंट, दांडा, पुन्हा जॉइंट, असा एकेकावर हात ठेवत गेलो. हालचाल जिथे एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तिथे चोर. मग आस जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवलं. निघालं काय? डावीकडचे दोन्ही बॉल जॉइंट आणि डाव्या चाकाच्या उभ्या पिनचे बुश. बॉक्स जवळजवळ निर्दोष. फक्त तेल गळतं म्हणून कुणीतरी त्यात ग्रीस कोंबलं होतं. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत आत येत नाही. ते काढलं, सील बदललं, तेल भरलं.

जॉइंट नवे, बुश लेथवाल्याकडून पिनच्या मापाने करून घेतले, नटांना नव्या स्प्लिट पिना घातल्या, दोन्ही दांडे जुळवून चाकं किंचित आत वळती ठेवली. खर्च शहरातल्या हॉटेलात चौघांच्या जेवणाएवढा. आता प्ले दोन बोटांचा आहे. तेवढा असू द्यावा.

आणि झीज झाली कशाने माहितेय? डाव्या बाजूच्या निपलांवर चिखल वाळून दगड झाला होता. ग्रीस गन छपरातच खुंटीला टांगलेली होती, चालू स्थितीत. कोळ्याने तिच्यावर जाळं विणलं होतं.

आबा, गन पुसून ठेवली आहे. हंगामात दर आठवड्याला, प्रत्येक निपलात, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आणि हे काम बारक्याकडून करून घ्या. उद्या त्याने कुणाला "चालतंय की" म्हटलं, तर ते खरं असायला हवं.

असो.