पायाची माती आवारातच राहो

घर बांधावयास घेतले म्हणजे कुटुंबातील वडीलधारी मंडळी सिमेंट, लोखंड आणि लाकूड यांचा हिशेब बारकाईने ठेवतात. पाया खणताना निघालेल्या मातीचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर तो ढीग रस्त्यावर येतो, गटारात शिरतो आणि गटार तुंबवितो. मग पाणी शिरते ते सखल भागातील घरांत. आणि तेथे बहुधा नुकसान सोसणे ज्यांना सर्वांत कठीण, अशीच कुटुंबे राहत असतात.

माती वाहते कशी, हे प्रथम पाहू. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. जमिनीवर गवत असेल तर त्याचा मारा पात्यांवरच जिरतो. उघड्या, भुसभुशीत मातीचे कण मात्र सुटे होतात व पाण्याबरोबर चालू लागतात. त्यांतील वाळू थोड्याच अंतरावर खाली बसते. चिकणमातीचे सूक्ष्म कण दिवसेंदिवस पाण्यात तरंगत तळ्या-धरणांपर्यंत पोचतात. म्हणून माती जागीच धरून ठेवणे हा पहिला उपाय, आणि सुटलेली अडविणे हा दुसरा.

असे खरोखर साधते काय? डेहराडून-मसुरी मार्गावरील नालोटा नाल्याचे उदाहरण पाहावे. तेथील सुमारे ६० हेक्टरांच्या दरडग्रस्त उतारावर डेहराडूनच्या मृद्-जलसंधारण संशोधन केंद्राने १९६४ साली काम हाती घेतले. घळीत टप्प्याटप्प्याने दगडी बंधारे घातले, उतारावर गवत व झुडपे लावली. पूर्वी तेथून वर्षाला हेक्टरी ३२० टन गाळ वाहून येई. १९९४ पर्यंत तो साडेपाच टनांवर आला. पाच टक्क्यांहूनही कमी असलेले हिरवे आच्छादन ९५ टक्क्यांवर गेले, आणि पावसाळ्यानंतर १०० दिवसांत आटणारा नाला २५० दिवस वाहू लागला.

जे डोंगरउतारावर साधले, ते घराच्या चार गुंठ्यांत पुष्कळच सोपे आहे. सबंध आवार एकदम खरवडू नये. उताराच्या खालच्या कडेला गवताचा पट्टा राखावा. वरची वीतभर सुपीक माती निराळी काढून गटारापासून दूर रचावी व ताडपत्रीने वा पेंढ्याने झाकावी. पुढे बागेस तीच उपयोगी पडते. वरच्या अंगाला चर खणून बाहेरचे पाणी बाजूने काढून द्यावे. खालच्या अंगाला वाळूच्या पोत्यांचा बांध घालून त्याच्या आत खड्डा ठेवावा, म्हणजे गढूळ पाणी तेथे थांबून गाळ खाली बसेल. प्रत्येक मोठ्या पावसानंतर हा खड्डा उपसला पाहिजे. भरलेला खड्डा नसल्यासारखाच. फाटकापाशी जाड खडी पसरली, तर मालमोटारींच्या चाकांचा चिखल तेथेच झडतो. उघड्या उतारावर काथ्याची जाळी अंथरावी आणि आडव्या ओळींत वाळा लावावा. वाळ्याची मुळे दोन-तीन मीटर खोल, सरळ खाली जातात.

ही कामे पावसाआधी व्हावयास हवीत: महाराष्ट्रात मृगापूर्वी, तर तामिळनाडूच्या किनाऱ्याकडे ऑक्टोबरपूर्वी. तथापि ऐन वेळी ती टळतात, कारण त्यांचा खर्च कोणी आधी धरलेला नसतो. म्हणून कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक घेताना ‘माती अडविणे’ ही बाब त्यात स्वतंत्र लिहून घ्यावी. गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांनी आणि ग्रामपंचायतींनीही हाच आग्रह धरावा.

वाचकहो, वास्तुशांतीच्या दिवशी आपण शेजाऱ्यांना अगत्याने बोलावतो. त्या दिवसापर्यंत आपल्या पायाची माती त्यांच्या दारात जाऊ न देणे, हेही त्याच अगत्यात येते.