शब-ए-मालवा आणि आपली शयनगृहे

काशीची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी सुखाची वाटणी उत्तर हिंदुस्थानात फार पूर्वीच होऊन गेली आहे. त्यातील रात्र आपल्या वाट्याला आली. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील या पठारावर मे महिन्यातील दाहक दिवसानंतरही रात्री वारा सुटतो आणि जीव निवतो, हे इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना सांगावयास नको. आणि अशा नामांकित रात्रींच्या या गावात, माझ्या दवाखान्यात येणाऱ्या साठीपुढील रुग्णांपैकी पुष्कळांची शेवटची तक्रार, तीही खुर्चीवरून उठता उठता सांगितलेली, एकच असते : "डॉक्टरसाहेब, झोप येत नाही. काहीतरी लिहून द्या."

हे 'काहीतरी' म्हणजे गोळी, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. या लेखात मला माझ्या समव्यावसायिक मित्रांपुढे आणि स्मरणिकेच्या अन्य वाचकांपुढे एवढेच म्हणावयाचे आहे की, झोपेची गोळी लिहिण्यापूर्वी रुग्ण ज्या खोलीत झोपतो त्या खोलीची चौकशी झाली पाहिजे. रुग्णाचा इतिहास घेताना भूक, तहान, शौच, लघवी, झोप हे सारे आपण विचारतो. "कुठे झोपता? खिडकी कोणत्या बाजूला? दिवा कोण मालवतो?" हे मात्र आपल्या तपासणीत बसत नाही. चरकाचार्यांच्या संहितेत ते बसत होते. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगणाऱ्या या ग्रंथाने, गेलेली झोप परत आणण्याच्या उपायांत अभ्यंग, स्नान, दूध यांच्या बरोबरीने नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ यांचीही गणना केली आहे. घर हे तेथे औषधांच्या यादीत आहे.

आपल्या जुन्या वाड्यांत शयनगृह नावाची खोली बहुधा नसेच. माजघरात किंवा ओसरीवर रात्री अंथरुणे पडत आणि सकाळी गाद्यांच्या वळकट्या होऊन कोपऱ्यात जात. उन्हाळ्यात गच्चीवर संध्याकाळी पाणी शिंपडून गाद्या घातल्या जात. यात अडचण होती, एकान्त नव्हता, नवविवाहितांचे तर हालच होत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. परंतु तिच्यात एक शहाणपण नकळत दडलेले होते. अंथरूण केवळ झोपण्यापुरते होते. दिवसा ते दिसतच नसे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये निद्रानाशावर जी उपचारपद्धती मांडली, तिचे सार हेच आहे : झोप आली तरच अंथरुणावर जावे, अंथरुणावर दुसरे काही करू नये, झोप न आल्यास उठून दुसरीकडे जावे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून ज्या वर्तनोपचाराची शिफारस केली, त्यात हा नियम समाविष्ट आहे. गोळीचा क्रमांक त्यानंतरचा.

आता आपल्याकडे स्वतंत्र शयनगृहे आली, अटॅच्ड बाथरूम आले, आणि त्या खोलीत झोप सोडून सर्व काही शिरले. टीव्ही तेथे, इस्त्रीचे कपडे तेथे, लग्नात आलेल्या भेटवस्तूंची खोकी पलंगाखाली, आणि कोणे एके काळी उत्साहाने विकत घेतलेली व्यायामाची सायकल टॉवेल वाळत घालण्यासाठी तेथेच. उशाशी मोबाईल. पूर्वी डॉक्टरच्या घरीसुद्धा फोन बैठकीत असे. रात्री तो वाजला की घरातील सर्व मंडळी जागी होत हे खरे, पण वाजला नाही तर कोणी त्याच्याकडे पाहत नसे.

खोली आरामदायक करावयाची म्हटले की आपली नजर प्रथम बाजाराकडे वळते : नवी गादी, नवे पडदे, भिंतींना सौम्य रंग, सुगंधी मेणबत्त्या. माझे मत असे की, शयनगृह सुखकर होते ते मुख्यतः वस्तू बाहेर काढल्याने. जे खरोखर करावयाचे आहे ते शरीराच्या तीन-चार साध्या गरजांत सामावलेले आहे.

पहिली अंधाराची. डोळ्याच्या पडद्यात वस्तू पाहण्यासाठी नव्हे, तर मुख्यतः दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळविण्यासाठी काही विशिष्ट पेशी असतात, ही गोष्ट २००२ मध्ये निर्विवादपणे पुढे आली. या पेशी निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि असा प्रकाश रात्री डोळ्यांवर पडला की मेलाटोनिनचे स्रवण मंदावते. गेल्या दहा-बारा वर्षांत रस्त्यांवरील पिवळ्या सोडियमच्या दिव्यांची जागा पांढऱ्या एलईडी दिव्यांनी घेतली, घरातील पिवळे बल्ब गेले, आणि हातात पडदा आला. पलंगाचे डोके कोणत्या दिशेला असावे हे ठरविण्यासाठी वास्तुतज्ज्ञास बोलावणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत. दक्षिणेविषयी माझे काही म्हणणे नाही. रस्त्यावरचा दिवा कोणत्या दिशेला आहे तेवढे पाहावे आणि त्या खिडकीला जाड कापडाचा, अस्तर लावलेला पडदा शिवून घ्यावा.

दुसरी गरज गारव्याची. झोप लागताना शरीराच्या आतील तापमान उतरू लागते; हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतील उष्णता बाहेर जाते. ज्यांचे पाय उबदार असतात त्यांना झोप लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखविले. काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळणाऱ्या आज्यांनी ते नियतकालिक वाचलेले नव्हते. खोली गार आणि पाय उबदार, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. काँक्रीटची गच्ची दिवसभराचे ऊन साठवून ते मध्यरात्रीपर्यंत खालच्या खोलीत सोडीत असते, म्हणून वरच्या मजल्यावरील शयनगृह एप्रिल ते जून या काळात भट्टी होते. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर फरक पडतो. त्याहून सोपे म्हणजे ते तीन महिने तळमजल्यावर झोपावे. वातानुकूलन यंत्र असेल तर ते १८ वर ठेवून रजई पांघरण्याचे प्रयोजन मला कळलेले नाही. २०२० पासून नव्या यंत्रांत २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिलेले असते. त्यावर पंखा मंद ठेवला की पुरते.

आवाजाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वस्वी आपल्या हातात नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात मर्यादा ४५ डेसिबलची आहे. लग्नसराईत ही मर्यादा कोठे जाते हे वाचक जाणतातच. रस्त्याकडेची खोली दिवाणखान्याला द्यावी आणि मागची झोपण्याला, एवढे मात्र घर बांधतानाच ठरविता येते.

डास मात्र हातात आहेत. बंद खोलीत अगरबत्तीसारखी जळणारी डासांची कॉइल लावून झोपणे ही आपल्याकडची सर्रास रीत. अशी एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. दम्याच्या रुग्णाला इनहेलर लिहून देताना हा प्रश्न विचारावा. मच्छरदाणी जुनाट दिसते म्हणून ती नको असते. पण तिच्याइतका निरुपद्रवी उपाय अजून निघालेला नाही. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून सिगडी पेटविणे हे तर प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गादीविषयी आपणा डॉक्टरांनी एक जुना सल्ला आता सोडावयास हवा. कंबर दुखते म्हटले की "फळीवर झोपा" असे आपल्यापैकी कितीतरी जण अजून सांगतात. स्पेनमधील ३१३ रुग्णांवरील जो अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात जुनाट कंबरदुखीसाठी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक हितकर ठरली. पिंजून घेतलेल्या कापसाची, महिन्यातून एकदा उन्हात टाकलेली गादी या वर्णनात बहुधा बसते.

पण येथपर्यंतचे सर्व तपशील ज्या एका गोष्टीपुढे दुय्यम ठरतात ती आता सांगतो. आपल्या घरांत चांगली खोली कोणाला मिळते?

काही वर्षांपूर्वी मी एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो होतो. वय अठ्ठ्याहत्तर, यजमान निवर्तलेले, एकुलता मुलगा पुण्याला. बाई कित्येक वर्षे कोणीतरी सुरू केलेली अल्प्राझोलामची गोळी रोज रात्री घेत होत्या, आणि त्या सुमारास बाथरूमकडे जाताना पडून मनगट मोडून बसल्या होत्या. त्यांचा पलंग म्हणजे बैठकीतील दिवाण. समोर टीव्ही, डोक्यावर ट्यूबलाइट, बाजूला रस्ता. रात्री उठल्या की दिव्याचे बटण गाठण्यासाठी दहा पावले अंधारात, वाटेत घसरणारे पायपुसणे. आतल्या बाजूला मात्र एक खोली होती. पूर्वेला खिडकी, लगत बाथरूम, मोठा पलंग, वातानुकूलन; गादीवर प्लॅस्टिकचे आवरण अजून तसेच. दाराला कुलूप. "ती मुलाची आहे. दिवाळीला येतो ना तो चार दिवस."

वाचकांपैकी कित्येकांना ही खोली ओळखीची वाटेल. आपल्या समाजातील मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. त्यांच्यासाठी राखलेल्या खोल्या घरोघर आहेत. त्यांत माया आहे, हे मी जाणतो. कुलूप लावलेले असले की मूल अजून घरातलेच आहे असे वाटत असावे. परंतु वर्षातील तीनशे साठ रात्री घरातील सर्वात शांत, सर्वात गार आणि बाथरूमला सर्वात जवळची खोली रिकामी राहावी आणि जिची झोप सर्वात नाजूक आहे तिने रहदारीत निजावे, ही व्यवस्था वैद्यकदृष्ट्या चुकीची आहे आणि ती तशी स्पष्टपणे सांगणे हे आपले काम आहे. मुलाची खोली ही घरगुती बाब आहे, डॉक्टरांनी त्यात पडू नये, असे काही मित्र म्हणतात. मांडीचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेची संमती घेताना ती घरगुती बाब राहत नाही.

त्या बाईंच्या मुलालाच मी फोन केला. त्याला या कुलपाची कल्पनाही नव्हती. बाई आतल्या खोलीत आल्या. पलंग उंच होता, बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून त्याचे पाय सुताराकडून कापून घेतले. बाथरूमच्या वाटेवर, जमिनीलगत, एक मंद पिवळा दिवा बसविला. टीव्ही बाहेरच राहिला. चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. गोळी एकाएकी बंद करता येत नाही; ती हळूहळू, काही महिन्यांत उतरवावी लागली, आणि मधले काही आठवडे बाईंना जड गेले. आजही त्या पहाटे साडेचारला उठतात. पण त्या पुन्हा पडलेल्या नाहीत. त्या दिवाळीत मुलगा आला तो बैठकीतील दिवाणावर झोपला, आणि रात्रभर डोळा लागला नाही म्हणून सकाळी कुरकुर करीत होता.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत; औषधविक्रेत्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. वृद्धांत या औषधांमुळे तोल जाणे, पडणे, विस्मरण वाढणे हे धोके सर्वमान्य आहेत. तरीही जुनी चिठ्ठी पुढे चालविली जाते, कारण ते दोन मिनिटांचे काम आहे. खोलीची चौकशी करण्यास दहा मिनिटे लागतात आणि गर्दीच्या दवाखान्यात ती काढणे कठीण जाते, हे मलाही मान्य आहे. ज्यांना शक्य नाही त्यांनी घरातील सुनेला किंवा मुलाला मोबाईलवर खोलीची चार छायाचित्रे काढून आणावयास सांगावे : पलंग, खिडकी, दिव्याचे बटण आणि बाथरूमची वाट. माझ्या अनुभवात या चार चित्रांनी अनेकदा रक्ततपासणीपेक्षा अधिक सांगितले आहे.

खोली सुधारून सर्व काही होत नाही, हेही नोंदविले पाहिजे. मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकणारा, दिवसा पेंगणारा रुग्ण असेल तर त्याला पडद्यांचा उपयोग नाही. त्याची निद्राचाचणी करावी. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्याची प्रोस्टेट आणि साखर पाहावी. पहाटे तीनला जाग येऊन मन काळवंडून जात असेल तर तेथे नैराश्याचा विचार आधी. आणि पतीच्या घोरण्याने पत्नीची झोप उडत असेल तर त्याची तपासणी होईपर्यंत दोघांनी वेगळ्या खोल्यांत झोपण्यात गैर काही नाही. या सल्ल्याला आमच्याकडे पहिला प्रश्न येतो तो "लोक काय म्हणतील?" लोक त्या वेळी सराफ्यात गराडू खात असतात.