येलदरीतून अकरावी सायन्स: जवळचं छोटं कॉलेज की थेट लातूर?

2025 पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. अर्जात 10 पर्यंत कॉलेजं टाकता येतात. पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या हातच्या जातात. म्हणूनच येलदरीतल्या घरांत प्रश्न पडतो: पहिला नंबर जिंतूर-परभणीला द्यायचा की ‘लातूर पॅटर्न’ला?

छोटं कॉलेज म्हणजे कमी दर्जा, असं थेट गणित नाही. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रत्येकी 30 गुण प्रॅक्टिकलचे असतात. एमएचटी-सीईटीचा पेपरही राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर निघतो: साधारण 80 टक्के बारावी, 20 टक्के अकरावी. नीट किंवा जेईई द्यायची असेल, तर मात्र वेगळी तयारी लागते.

मग कॉलेजात जाऊन काय विचारायचं?

- चारही विषयांना शिक्षक आहेत का?
- प्रॅक्टिकल दर आठवड्याला होतं, की परीक्षेच्या तोंडावर?
- एका बॅचमध्ये मुलं किती?
- हजेरी खरी, की कॉलेज फक्त नावाला आणि शिकवणी क्लासमध्ये?

उत्तरं शिकणाऱ्या मुलांकडूनही घ्या. प्रयोगशाळेला कुलूप असेल, तर घराजवळचं कॉलेजही महागात पडतं. ती रोज उघडत असेल, तर होस्टेलचा खर्च वाचतो.