गायरान पुन्हा गावाचे

गायरान सर्वांचे म्हणून कुणाचेच नाही, असे होते आणि बांध सरकत जातात. झळ बसते ती दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्यास सर्व राज्यांना सांगितले. भूमिहीनांना शासनाने रीतसर दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद मात्र राखले. गरिबाच्या पट्ट्याला हात लावू नये.

आधी गायरानाचा सातबारा काढा. ग्रामसभेत ठराव करून मोजणी मागा. हद्द कायम झाली की उन्हाळ्यात चर खणा, पहिल्या पावसाला मारवेल, स्टायलो पेरा. दोन वर्षे जनावरे सोडू नका. गवत विळ्याने कापून न्या. पडीक दिसणारी जमीन पुन्हा बळकावली जाते. गवत उभे राहिले की सारा गाव ती राखतो.