भेट घरी करा, मुलांच्या हाती पाठवा

2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला होता आणि रमजान ईद 31 मार्चला. एका घरी साखरेच्या गाठी, शेजारच्या घरी शिरखुर्मा. आमचे अंकुशनगर साखर कारखान्याभोवती वसलेले. इथे दोन्हींचा गोडवा ओळखीचा. पण हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असते, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते. काही वर्षांत ती हिवाळ्यात जाईल आणि ही जोडी पुन्हा जुळायला साधारण 30 वर्षे लागतील. तोवर आपल्या मुलांना शेजारचे दार ओळखीचे राहील का?

माझे मत असे, की भेट घरीच करावी. हाताने केलेल्या शेवया, जुन्या सुती साड्यांची बाळासाठी गोधडी, मुलांनी रंगवलेले ईदीचे पाकीट. खर्च थोडा, आणि स्वतः केलेली वस्तू मूल हौसेने घेऊन जाते. एक भेट ऊसतोड मजुराच्या कोपीवरही जावी. फितरा हा गरिबाचा हक्क, तो ईदच्या नमाजाआधी द्यायचाच. भेट मात्र बरोबरीच्या नात्याने द्यायची असते. पाडवा असो वा ईद, आपण मुलांना शेजारी पाठवू या. कॅलेंडरची वाट कशाला पाहायची?