विज्ञान-कुतूहल : सूक्ष्मदर्शकाची नळी

हैदराबाद-सिकंदराबादेतील आमच्या वाचकांना बेगमपेटची ती जुनी इमारत ठाऊक असेलच. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांना येथे एका डासाच्या जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या. त्यांत काळे कण होते. असेच कण हिवतापाच्या जंतूत असतात हे रॉस जाणून होते, आणि चारच दिवसांपूर्वी त्या डासाला हुसेनखान नावाच्या हिवतापी रुग्णाचे रक्त पाजलेले होते! हिवताप डासामार्फत पसरतो, या तर्काला तेथे पहिला भक्कम आधार मिळाला. उकाडा असह्य, पण चिरलेले डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने यंत्राचे स्क्रू गंजलेले आणि उरलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेलेला. अशा साधनाने ते काम झाले.

रक्ततपासणीचा आजचा सूक्ष्मदर्शक त्याच जातीचा आहे. वस्तूजवळचे भिंग शंभर पट, डोळ्याजवळचे दहा पट. म्हणजे एकूण हजार पट. काच आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा एक थेंब सोडतात, त्यामुळे प्रकाश वाया जात नाही. याहून पुढे मात्र नुसते मोठे करून उपयोग नाही. मिलिमीटरच्या सुमारे पाचहजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशात वेगळे दिसतच नाहीत, हे जर्मनीत अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये दाखविले. बहुतेक विषाणू या मर्यादेखालचे. त्यांच्यासाठी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत हवा. रुस्का आणि क्नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये असे यंत्र उभारले; रुस्कांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये. समितीलाही नीट दिसायला वेळ लागतो!

कारखान्यातील सूक्ष्मदर्शकाची तऱ्हा निराळी. पोलादातून प्रकाश आरपार जात नाही. म्हणून तुकडा आरशासारखा घासून, आम्लाने किंचित खाऊ देऊन, त्यावर वरून प्रकाश टाकतात. धातूच्या कणांची ठेवण दिसते आणि आस का मोडला याचा माग लागतो. इंग्लंडातील शेफील्ड येथे सॉर्बी यांनी ही पद्धत १८६० नंतरच्या दशकात सुरू केली.

पण घरच्या माणसाला थंडी वाजून ताप भरतो, तेव्हा प्रश्न रक्ताच्या त्या काचेचाच असतो. हिवतापाचे औषध पोटात जाण्यापूर्वीच रक्त द्यावे, कारण नंतर जंतू विरळ होतात. जाड थेंबाची निदान शंभर दृष्टिक्षेत्रे पाहिल्यावाचून तज्ज्ञ ‘जंतू नाहीत’ असे लिहीत नाही. तसे लिहून आले आणि ताप मात्र हटला नाही, तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्यावे.