शार्कला नको, पाण्याला घाबरा

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. तर म्हणाली, "अरे, तुझा भाचा मालदीवला चाललाय. शार्कबरोबर पोहायला! तू तरी सांग त्याला. तुझंच ऐकून हे खूळ शिरलंय त्याच्या डोक्यात."

आरोप खरा आहे. मी त्रेचाळिसाव्या वर्षी तारकर्लीला जाऊन स्कूबाचा कोर्स केला आणि नंतर दोन-तीन वर्षं घरातल्या प्रत्येक कार्यात त्याच गोष्टी सांगितल्या. भाचा तेव्हा कॉलेजला होता. आता नोकरीला लागलाय, हातात पैसे आलेत, रील्स बघतोय. त्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, फुवाहमुलाला चाललोय. टायगर शार्क! पिंजरा वगैरे काही नाही, थेट समोर." आतापर्यंत किती डाइव्ह झाल्यात विचारलं. म्हणाला, सहा.

ताईला शार्कची भीती वाटते आणि भाच्याला कशाचीच नाही. माझ्या मते दोघंही चुकतायत. सुट्टीत असले बेत आखणारे आपल्या ओळखीत आता बरेच झालेत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी ताईबद्दल. तिच्या डोक्यातला शार्क १९७५ च्या 'जॉज' सिनेमातला आहे. तो सिनेमा ज्यांच्या कादंबरीवर निघाला ते पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्क वाचवायच्या कामाला लागले, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. फ्लोरिडातल्या एका म्युझियमकडे जगभरातल्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवली जाते. २०२४ सालात माणसाने काहीही न डिवचता शार्क चावल्याच्या घटना होत्या ४७, आणि त्यातले मृत्यू ४. अख्ख्या जगात, अख्ख्या वर्षात. आपल्याकडे लोकलच्या रुळांवर काय होतं ते रोज वाचणाऱ्याला यापुढे वेगळं सांगायला नको. उलट बाजूचा आकडा बघा. २०१३ मधे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणूस वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो असा अंदाज होता. कोणी कोणाला घाबरायचं, तुम्हीच ठरवा.

आणि हो, ती मजा खोटी नाही. मी पहिला शार्क पाहिला तो मालदीवमधेच. राखाडी रंगाचा, माझ्यापेक्षा थोडा लांब. प्रवाळाच्या कडेने तो असा आला की शेपटी हलतेय की नाही तेही कळत नव्हतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेला. त्याच्या लेखी मी कोणीच नव्हतो. आयुष्यभर ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत 'मी मी' केलेल्या माणसाला असं कोणीच नसणं काय सुख देतं ते सांगता येत नाही. म्हणून 'जाऊ नको' असं मी कोणालाच सांगणार नाही.

आता भाच्याबद्दल. वरच्या आकड्यात 'न डिवचता' हे दोन शब्द आहेत. भाच्याने ते वाचलेच नव्हते. शार्कला हात लावणं, खायला घालणं, आमिष दाखवणं यातून जे चावे होतात ते वेगळ्या खात्यात जातात. आणि पर्यटकांसाठीच्या बऱ्याच 'शार्क डाइव्ह' नेमक्या आमिषावरच चालतात.

फुवाहमुलाचंच घ्या. मालदीवच्या दक्षिण टोकाकडचं एकटं बेट. तिथल्या बंदरात कोळी लोक मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात टाकायचे, त्यावर टायगर शार्क यायची सवय लागली. आता डायव्हिंगवाले ट्यूना माशाची डोकी दगडाखाली ठेवतात, शार्क येतात, पर्यटक रांगेत गुडघे टेकून बघतात. तीन-चार मीटरचा प्राणी हाताच्या अंतरावरून जातो. व्हिडिओ भारीच येतो. पण जंगली प्राणी माणूस आणि जेवण यांची सांगड घालायला लागला की पुढचं कोणाच्याच हातात राहत नाही. महाबळेश्वरच्या पॉइंटवर माकडांना चणे घालून आपण काय करून ठेवलंय ते बघा. फक्त इथे माकडाच्या जागी टायगर शार्क आहे.

काही वर्षांपूर्वीची उदाहरणं आहेत. २००८ मधे बहामाजवळ पिंजऱ्याशिवाय, आमिष टाकून केलेल्या डाइव्हमधे एका पर्यटकाच्या पायाला शार्क चावला आणि तो वाचला नाही. २०१० च्या डिसेंबरात इजिप्तच्या शर्म अल शेखला काही दिवसांत पाच जणांवर हल्ले झाले, त्यातली एक महिला गेली. तिथे कारणं शोधताना जहाजावरून समुद्रात फेकलेली मेलेली मेंढरं आणि डायव्हरनी शार्कला खायला घालणं, या दोन्ही गोष्टी तज्ज्ञांनी मांडल्या. ज्यांच्यावर हल्ले झाले ते तर किनाऱ्याजवळ पोहणारे साधे लोक होते. म्हणजे खायला घातलं एकाने, भोगलं दुसऱ्याने.

म्हणूनच फ्लोरिडाने २००२ पासून आपल्या हद्दीत डायव्हरनी शार्कला खायला घालणं बंद केलं. मेक्सिकोने तर २०२३ मधे ग्वादालूप बेटाजवळचं पांढऱ्या शार्कचं पर्यटनच बंद केलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मालदीवने २०१० मधे आपल्या संपूर्ण समुद्रात शार्क मारण्यावर बंदी घातली. ती बरीच वर्षं टिकायला पर्यटनाचा हातभार लागला. जिवंत शार्क वर्षानुवर्षं पैसे मिळवून देतो, मेलेला एकदाच. तेव्हा पैसे देऊन शार्क बघायला जाणारा माणूस शार्कचा शत्रू नाही. प्रश्न इतकाच की तो कसा बघतो आणि किती तयारीने बघतो.

आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगतो, जी आजवर कौटुंबिक कार्यक्रमांत मी सांगितलेली नाही.

मालदीवमधे दोन बेटांच्या रांगांमधली खिंड असते, त्यातून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं. शार्क तिथेच जमतात, म्हणून डायव्हरही तिथेच जातात. आम्ही दहा जण आणि गाइड एक. बोटीवर सूचना झाल्या तीन मिनिटं, त्यातली दोन शार्कच्या फोटोंबद्दल. खाली बावीस मीटरवर समोर तीन शार्क. मी हरखून बघत राहिलो. श्वास जोरात चाललेला. मग सहज काटा बघितला तर हवा ४० बार. सिलिंडर सुरू होतं २०० ला आणि ५० शिल्लक असताना बोटीवर परतलेलं असायला हवं. गाइड दिसेना. सोबतच्या जोडीदाराने त्याचा जादा नळा माझ्या तोंडात दिला म्हणून सावकाश वर येता आलं. वर आलो तर प्रवाहाने आम्हाला खिंडीबाहेर खुल्या समुद्रात नेलेलं. बोट ठिपक्याएवढी. लांबून दिसावा म्हणून फुगवतात तो केशरी फुगा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. पंचवीस मिनिटं लाटांवर हात हलवत होतो. त्या पंचवीस मिनिटांत मला एकदाही शार्क आठवला नाही. आठवली ती मुलगी आणि घराचा हप्ता.

चूक त्या कंपनीची होती, आणि माझीही. मी विचारलंच नव्हतं काही.

पाण्याचा हिशोब सरळ आहे, पण तो कोणालाही माफ करत नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणजे हवाही वरच्यापेक्षा चौपट वेगाने संपते. घाबरलात किंवा हरखलात तर आणखी वेगाने. शार्क बघून माणूस दोन्ही होतो. घाबरून श्वास रोखून वर पळालात तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. फार भराभर वर आलात तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. डाइव्ह करून लगेच विमानात बसलात तरी तोच धोका. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि अनेक केल्या असतील तर किमान १८ तास थांबा, असा नियम आहे. आपल्या चार दिवस-तीन रात्रीच्या पॅकेजमधे हे १८ तास कोणी धरलेले असतात का? आणि पन्नाशीतल्या माणसाने, बीपीची गोळी चालू असताना, फॉर्मवर सगळीकडे 'नाही' अशी खूण करून सही ठोकायची, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय. डायव्हिंगमधल्या मृत्यूंमधे हृदयविकार हे एक मोठं कारण असतं. त्यात शार्कचा दोष काय?

हे सगळं मालदीवचं झालं. आता आपल्या दारात या.

मालवणात किल्ल्याजवळ स्कूबा करून आलेला माणूस आज प्रत्येक सोसायटीत सापडेल. चांगली गोष्ट आहे. गावातल्या पोरांना काम मिळालं, मुंबईला जायचं थांबलं. पण मे २०२२ मधे तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. कुठला शार्क होता तिथे? बोट होती, लाट होती, आणि पर्यटकांनी लाइफ जॅकेट घातलेलीच नव्हती. पाण्याखालच्या रोमांचासाठी पैसे मोजलेली माणसं पाण्यावर गेली.

आमच्या गावातले एक म्हातारे काका, जन्म मासेमारीत गेला, मी कोर्सला निघालो तेव्हा जेटीवर हसत म्हणाले होते, "मोरयेक कित्याक भियातस? पाण्याक भी." मोरी म्हणजे तीच, मुशी, आपला शार्क. जिची आमटी आमच्याकडे बाळंतिणीला देतात. आपण कोकणातली माणसं लहानपणापासून शार्क खात आलो आणि आता तोच बघायला विमानाने जातो, याची मला गंमत वाटते. कोळ्याने पोटासाठी मोरी धरू नये असं शहरात बसून म्हणायचा मला हक्क नाही. पण बाजारात टोपलीभर वीतभर पिल्लं विकायला येतात तेव्हा वाईट वाटतं. मोरी पिल्लं कमी देते, वाढायला वेळ घेते. ती बांगड्यासारखी पुन्हा भरून येत नाही.

तर, जाणाऱ्यांनी काय करावं? भाच्याला सांगितलं तेच सांगतो. पैसे भरायच्या आधी विचारा:

एका गाइडमागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर मी जाणार नाही.
किती खोल, प्रवाह कसा, आणि माझ्या सर्टिफिकेटला ते चालतं का? पहिल्या कोर्सची मर्यादा १८ मीटर असते.
आमिष टाकता का? टाकत असाल तर शार्क अंगावर आला तर काय करायचं हे आधी शिकवता का?
बोटीवर ऑक्सिजन आहे का? दाब उतरवायचं चेंबर जवळात जवळ कुठे?
माझ्या ट्रॅव्हल इन्शुरन्समधे स्कूबा धरलंय का? बऱ्याचदा नसतं. बारीक अक्षरं वाचा.

ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याच्याबरोबर जाऊ नका. आणि जो तुमचं कार्ड आणि डाइव्हची वही न बघता थेट पैसे घेतो त्याच्याबरोबर तर अजिबातच नको.

पर्यटन खात्याला आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या नेतेमंडळींनाही एक विनंती. हौस वाढतेय, उद्या कोणीतरी इथेही 'शार्क दाखवतो' म्हणून बोर्ड लावेल. त्याच्या आधी प्रत्येक बोटीचे, प्रत्येक गाइडचे कागद आणि प्रत्येक पर्यटकाच्या अंगावरचं लाइफ जॅकेट रोज तपासलं जाईल एवढं करा. दुर्घटना झाल्यावर चार दिवस बंदी आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू, हे आता पुरे. त्यात बदनामी मालवणची होते आणि पोट प्रामाणिक पोरांचं मारलं जातं.

भाच्याचं काय झालं? तो अर्धा तास वाद घालत होता. "मामा, तू पण म्हातारा झालास," वगैरे. मग त्याने त्या कंपनीला हेच पाच प्रश्न पाठवले. उत्तर आलं: "डोन्ट वरी सर, व्हेरी सेफ." एवढंच. त्याने बुकिंग पुढे ढकललंय. आधी वीसेक डाइव्ह करणार, प्रवाहात शिकणार, मग जाणार. मला म्हणतो, तूही चल.

ताई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. तिच्या मते मी त्याला थांबवायला हवं होतं आणि मी फक्त तारीख बदलली. खरंय तिचं. पण पोरं जाणारच आहेत. निदान विचारून तरी जाऊ देत.

कोणाला असे बरे-वाईट अनुभव आले असतील तर कमेंटमधे लिहा. कंपन्यांची नावं नकोत, काय झालं आणि काय विचारायला हवं होतं तेवढं लिहा. पुढच्या माणसाला उपयोग होईल.